पुसू नये

परवा रात्री भाच्याशी फोनवर पाऊण तास भांडले. कारण जमीन नाही, वाटणी नाही, लग्नातला मानपान नाही. कारण संगणकाच्या प्रोग्रॅममधली एक ओळ! फोन ठेवल्यावर आमच्या घरातून शेरा आला, "लोक ह्या वयात देवळाच्या वर्गणीवरून भांडतात. तू हे काय नवीनच काढलंस?"

मग ठरवलं, फोनवर घसा कोरडा करण्यापेक्षा इथेच सगळं मांडावं. भाचा हे वाचतोच. इथे येणाऱ्यांपैकी निम्मे तरी संगणकाच्या धंद्यातले आहेत आणि त्यातले बरेचसे भाच्याच्या बाजूचे असणार, हेही मला ठाऊक आहे. त्यांनी जरूर भांडावं. बाकीच्या नातेवाईक मंडळींनी मात्र "हे आपल्याला कळायचं नाही" म्हणून पान बंद करू नये. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. ३४ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. पायथॉन नावाची संगणकाची भाषा शिकले ती २०२० च्या टाळेबंदीत, नातीकडून, व्हिडिओ कॉलवर. मला कळलं म्हणजे तुम्हालाही कळेल.

आधी फळ्याबद्दल बोलू.

आमच्या शाळेत फळ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखलेली असायची. त्यात वार, दिनांक, पट आणि हजर संख्या. डाव्या कोपऱ्यात सुविचार. मधला सगळा फळा ज्या त्या तासाच्या शिक्षकाचा. गणिताच्या सरांनी भरायचा, मी पुसायचा, मी भरायचा, भूगोलाच्या बाईंनी पुसायचा. चौकटीला मात्र कुणी हात लावायचा नाही. एखादे दिवशी परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर ठेवायचं असलं, की त्याच्याभोवतीही चौकट काढून खाली लिहायचं, 'पुसू नये'.

आता वर्गातल्या पन्नास मुलांपैकी एकाने आपल्या वहीत तारीख चुकीची लिहिली, तर चूक त्याच्या वहीपुरती. पण कुणी फळ्यावरची तारीख बदलली, तर त्या क्षणापासून फळ्याकडे बघून लिहिणाऱ्या प्रत्येकाची तारीख चुकते. आणि ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांची बरोबर राहते. म्हणजे एकाच वर्गात, एकाच तासाला, दोन तारखा!

संगणकाच्या वस्तुनिष्ठ पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये अगदी हेच असतं. तिथेही 'क्लास' म्हणजे वर्गच. (हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं होतं.) वर्गाचा एक नमुना लिहायचा, आणि त्यावरून हव्या तितक्या वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करायच्या. काही गुणधर्म प्रत्येक वस्तूचे आपापले असतात, जसं नाव, गुण, पत्ता. त्या वह्या. काही गुणधर्म मात्र साऱ्या वर्गाचे मिळून एकच असतात. ती फळ्यावरची चौकट. पायथॉनमध्ये एखाद्या वस्तूला काही विचारलं, की ती आधी आपल्या वहीत बघते, तिथे नसलं तर मान वर करून फळ्यावर बघते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की फळ्यावरच्या त्या चौकटीला कुलूप हवं. भाचा म्हणतो, नको. तो म्हणतो, "मावशी, पायथॉनमध्ये असं करत नाहीत."

आता ओळ कुठली ते सांगते.

आमच्या शाळेच्या एका जुन्या तुकडीने शिष्यवृत्ती निधी काढला आहे. दहावी झालेल्या गरजू मुलांना अकरावीसाठी प्रत्येकी ६,००० रुपये. रक्कम फार मोठी नाही, पण पुस्तकं, गणवेश आणि एस.टी.चा पास एवढं तरी निघतं. अट एकच, दहावीला किमान ६५ टक्के. अर्जांची छाननी पूर्वी आम्ही कागदावर करायचो. पायथॉन शिकल्यावर मला हौस आली आणि मी त्यासाठी छोटासा प्रोग्रॅम लिहिला. नावंसुद्धा मराठीत दिली. पायथॉन ३ पासून, म्हणजे २००८ पासून, देवनागरीत नावं चालतात. (आकडे मात्र इंग्रजीच लागतात. इथे मी देवनागरी लिहिते आहे.) वर्गाचं नाव 'विद्यार्थी', आणि त्याच्या माथ्यावर एक ओळ: किमान_टक्के = ६५. हीच आमची चौकट.

गेल्या वर्षी निकालानंतर ४१ अर्ज आले. त्यात एका दिव्यांग मुलीचा अर्ज होता, आणि समितीने तिच्यासाठी अट ५५ वर आणायची ठरवली. योग्यच होतं. तोवर माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून प्रोग्रॅम चालवायचं काम माझ्याच एका विद्यार्थिनीने घेतलं होतं. दिवसभर नोकरी करून, घरचं आवरून, रात्री अकरा वाजता ती हे विनामूल्य काम करायची. तिने प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली, की यादीत सवलतीची खूण दिसली तर अट ५५ करावी. लिहायला हवं होतं 'अर्जदार.किमान_टक्के = ५५', म्हणजे त्या एका मुलीच्या वहीत. तिने लिहिलं 'विद्यार्थी.किमान_टक्के = ५५', म्हणजे फळ्यावर.

एका शब्दाचा फरक. पायथॉनने हूं की चूं केलं नाही.

यादी आडनावांच्या अकारविल्हे होती. त्या मुलीचा क्रमांक १४ वा. पहिल्या १३ जणांना ६५ ची अट लागली. चौदाव्या क्रमांकापासून पुढच्या सगळ्यांना ५५ ची. ५५ ते ६५ च्या मधले सहाजण त्या पुढच्या भागात होते, त्यांना मंजुरीची पत्रं गेली. तेवढ्याच गुणांचे दोघं पहिल्या तेरांत होते, त्यांना नकाराची. ५७ टक्क्यांच्या मुलीला होकार आणि ६३ टक्क्यांच्या मुलाला नकार. का? तर त्याचं आडनाव 'आ'ने सुरू होतं म्हणून!

आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. कळलं ते त्या मुलाची आई घरी आली तेव्हा. ती भांडायला आलेली नव्हती. पायरीवर बसून तिने विचारलं, "बाई, आमच्या पोराचं काय चुकलं? शेजारच्या पोरीला कमी असून मिळाली, मग त्याला का नाही? तो मला विचारतोय, मी काय सांगू?"

मी सगळ्या याद्या काढून बसले. दुपारी चारपर्यंत ती ओळ सापडली.

समितीची बैठक झाली. दिलेली पत्रं परत घ्यायची नाहीत असं ठरलं, कारण ज्या मुलाच्या हातात पत्र पडलं त्याची त्यात काही चूक नव्हती. मग त्याच न्यायाने त्या दोघांनाही द्यायचं ठरलं. आठजणांचे मिळून ४८,००० रुपये अंदाजपत्रकाबाहेरचे. ते कसे उभे राहिले ते इथे लिहीत नाही. उभे राहिले.

पण त्या बैठकीत एक गोष्ट घडली, जिचा मला अजून राग येतो. सगळ्यांनी मिळून त्या मुलीला फैलावर घेतलं. "जरा लक्ष द्यायला नको का?" "एवढी साधी चूक?" ती मान खाली घालून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिने मला निरोप पाठवला, "बाई, माझ्याकडून हे काम होणार नाही, दुसऱ्या कुणाला सांगा." आणि भाच्याला हा सगळा प्रकार सांगितला तर तोही तेच म्हणाला, "कोड नीट वाचायला हवा होता तिने."

नाही! चूक तिची नव्हती, माझी होती. फळ्यावर सगळ्यांसाठी नियम लिहिला मी, आणि खडू-डस्टर उघड्यावर ठेवलं तेही मीच. रात्री अकरा वाजता दमलेल्या माणसाच्या हातून एक शब्द चुकणारच. ज्या व्यवस्थेत एक शब्द चुकला की २७ अर्जांचा न्याय बदलतो आणि घंटासुद्धा वाजत नाही, ती व्यवस्था रचणाऱ्याने "लक्ष द्यायला हवं होतं" म्हणणं हा निव्वळ अप्पलपोटेपणा आहे. मग जाणते लोक ह्या चौकटीला कुलूप का घालत नाहीत? मी भाच्याची एकेक उत्तरं घेते.

पहिलं उत्तर: "आपण सगळे मोठी, जाणती माणसं आहोत." पायथॉनच्या मंडळींत हे वाक्य सुभाषितासारखं म्हटलं जातं. कुणी कुणावर कुलपं घालायची नाहीत, ज्याला बदलायचं त्याला बदलू द्या, जबाबदारी त्याची. ऐकायला किती छान! पण ह्याच पायथॉनने स्वतःच्या घरात काय केलं आहे? पूर्णांकांचा 'इंट', अक्षरांचा 'स्ट्र', याद्यांचा 'लिस्ट' हे त्याचे अंगभूत वर्ग. त्यांच्या एखाद्या गुणधर्मात काही लिहायला जा, पायथॉन तिथल्या तिथे त्रुटी दाखवून थांबवतो. २०१४ मध्ये ३.४ आवृत्तीत 'एनम' आला, ठरलेल्या पर्यायांची यादी करायला. त्यातल्या पर्यायाला दुसरी किंमत देऊ गेलात तर तोही नाही म्हणतो. म्हणजे जिथे बदल झाला तर सगळं कोसळेल, तिथे पायथॉन रचणाऱ्यांनी जाणतेपणावर भिस्त ठेवली नाही, कडी घातली. शहाणपणाच केला! मग आमच्यासारख्यांना तोच शहाणपणा करू नका असं का सांगता?

दुसरं उत्तर: "संकेत आहे ना." पायथॉनचं पेप ८ नावाचं शैलीचं नियमपत्र आहे. त्यात म्हटलंय, जी किंमत बदलायची नाही तिचं नाव सगळं मोठ्या लिपीत लिहा. वाचणारा समजून घेईल. आता मंडळी, तुम्हीच सांगा, देवनागरीत मोठी लिपी कुठली आणि छोटी कुठली? 'किमान_टक्के' मोठ्या अक्षरांत कसं लिहायचं, जाड शाईने? भाचा यावर हसला आणि म्हणाला, "म्हणूनच इंग्रजीत नावं द्यायची." म्हणजे संकेत सगळ्यांसाठी नाही, इंग्रजी लिपीवाल्यांसाठी आहे. कुलपाला लिपी लागत नाही. आणि इंग्रजी लिपीतसुद्धा तो संकेत वाचणाऱ्या माणसासाठी असतो, चालवणाऱ्या यंत्राला त्याचं सोयरसुतक नाही. 'पुसू नये' लिहिलेलंही कुणीतरी पुसतोच. आमच्या शाळेत एकदा नव्या शिपायाने सगळे फळे ओल्या फडक्याने लख्ख पुसले होते, चौकटीसकट. बिचाऱ्याला वाटलं, चांगलं काम केलं.

तिसरं उत्तर: "मग 'फायनल' लाव." २०१९ मध्ये पायथॉन ३.८ मध्ये 'फायनल' अशी खूण आली. मी आनंदाने लावली, मग मुद्दाम किंमत बदलून पाहिली. बदलली! तेव्हा कळलं, की ही खूण चालत्या प्रोग्रॅमला अडवत नाही. मायपाय वगैरे तपासनीस प्रोग्रॅम आधी वेगळे चालवले तरच ते ओरडतात. मोठ्या कंपनीत ते रोज चालवत असतील. रात्री अकरा वाजता घरच्या संगणकावर बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीकडे तपासनीस नव्हता.

इथे भाचा जावाचं कौतुक सांगतो. तिथे 'स्टॅटिक फायनल' म्हटलं, की दुसऱ्यांदा किंमत देणारा प्रोग्रॅम तयारच होत नाही. खरं आहे, आणि चांगलं आहे. पण तिथेही एक मेख आहे. कुलूप नावाला लागतं, नावामागच्या वस्तूला नाही. सामाईक यादी 'फायनल' केली तरी त्या नावाला दुसरी यादी जोडता येत नाही इतकंच. त्याच यादीत नवीन वस्तू घालता येते, असलेली काढता येते. फडताळाला कुलूप आणि मागची फळी उघडी! त्यासाठी यादीच न बदलणारी घ्यावी लागते. पायथॉनमध्ये त्यासाठी 'टपल' आणि 'फ्रोझनसेट' आहेत. रुबीत तर स्थिरांक पुन्हा लिहिला की नुसती ताकीद मिळते आणि काम पुढे चालू! आमच्या काळी असल्या ताकिदीला मुलं 'नुसता दम' म्हणायची.

चौथं उत्तर मला जरा जड गेलं: "मावशी, कुलूप तोडता येतंच, मग घालायचं कशाला?" त्यासाठी कुलूप कसं घालतात ते सांगायला हवं. तांत्रिक भाग आहे, पण दोनच परिच्छेद.

मी आधी 'प्रॉपर्टी' वापरून पाहिली. प्रॉपर्टी म्हणजे गुणधर्मावर बसवलेला राखणदार. वस्तूतर्फे कुणी किंमत बदलायला आलं, की तो अडवतो. मला वाटलं, झालं काम. पण कुणी थेट वर्गालाच किंमत दिली, तर काय होतं माहीत आहे? राखणदाराला कुणी विचारतच नाही. त्यालाच उचलून बाहेर ठेवतात आणि त्याच्या जागी ५५ हा आकडा बसतो! मी चक्रावले. मग लक्षात आलं, हे तर आपल्या मॉनिटरसारखं आहे. मॉनिटरचा धाक वर्गातल्या मुलांना. दुसऱ्या तासाचे शिक्षक आत आले तर ते मॉनिटरलाच म्हणणार, "जागेवर बस." वर्गात कुणी काय करावं ह्याचा नियम वर्गातल्या मुलाने करून भागत नाही, तो मुख्याध्यापकांच्या खोलीतून यावा लागतो.

पायथॉनमध्ये ती खोली आहे. तिथे प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या वर्गाची असते, आणि वर्ग हीसुद्धा एक वस्तूच. मग वर्ग कुणाच्या वर्गातला? तर वर्गांच्या वर्गातला! त्याला 'मेटाक्लास' म्हणतात. आपण काही सांगितलं नाही तर तो 'टाइप' नावाचा असतो. वर्गाच्या गुणधर्मात कुणी काही लिहायला गेलं, की ह्या मेटाक्लासच्या 'सेटॲटर' नावाच्या कृतीला विचारलं जातं. तिथे लिहायचं, की नाव कुलूपबंद यादीत असेल तर थांब आणि त्रुटी दाखव. गुणधर्म पुसून टाकणाऱ्या 'डेलॲटर'लाही तेच सांगायचं, नाहीतर बदलता आलं नाही म्हणून कुणी पुसून टाकेल. कुलूपबंद नावांची यादी फ्रोझनसेटमध्ये ठेवायची आणि त्या यादीचं स्वतःचं नावही त्याच यादीत घालायचं. पोटवर्ग काढून कुणी तोच गुणधर्म नव्याने लिहू नये असं वाटत असेल, तर वर्ग जन्माला येतानाच तपासावं लागतं. सगळं मिळून वीसेक ओळी.

आता भाच्याचा मुद्दा. हे कुलूप तुटतं का? तुटतं. 'टाइप'च्या मूळ सेटॲटरला थेट हाक मारली, की आमचा मेटाक्लास बाजूला राहतो. मी स्वतः करून पाहिलं. पण हे करणाऱ्याला आपण काय करतोय ते पुरतं माहीत असतं. विद्यार्थी ऐवजी अर्जदार लिहायचं राहून गेलं म्हणून कुणाच्या हातून चुकून ती ओळ लिहिली जात नाही. गावाकडे दाराला कडी घालतो ती दरोडेखोरासाठी नसते. वाऱ्याने दार उघडू नये, गुरांनी तोंड घालू नये, लहान पोर बाहेर जाऊ नये, म्हणून असते. माझं कुलूप दुष्टांसाठी नाहीच. ते दमलेल्या, घाईतल्या, भल्या माणसासाठी आहे. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही, तर उद्या बैठकीत त्याला मान खाली घालून बसावं लागू नये म्हणून.

हे सगळं माझ्या चिमुकल्या प्रोग्रॅमपुरतं आहे असं कुणाला वाटत असेल, तर जावास्क्रिप्टमधली एक मोठी गोष्ट सांगते. तिथे सगळ्या याद्यांचा, म्हणजे ॲरेंचा, एक सामाईक मूळ नमुना असतो, प्रोटोटाइप. आमच्या फळ्याचाच भाऊ. तो उघडा असतो, कुणीही त्यावर लिहावं. मूटूल्स नावाच्या एका जुन्या, लोकप्रिय संचाने त्यावर आपली 'फ्लॅटन' नावाची कृती लिहून ठेवली होती. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, लोकांची सोय. पुढे २०१८ मध्ये भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीने त्याच नावाची अधिकृत कृती आणायचं ठरवलं, तर फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत जुनं संकेतस्थळ बिघडलं. बरीच वादावादी झाली, आणि शेवटी अधिकृत कृतीचंच नाव बदलून 'फ्लॅट' करावं लागलं. २०१९ च्या नियमांत ते तसंच आलं. कुणीतरी सामाईक फळ्यावर लिहून गेलं होतं, आणि वर्षांनंतर सगळ्या जगाला ते सांभाळून लिहावं लागलं! 'ऑब्जेक्ट.फ्रीझ' नावाचं कुलूप ह्या भाषेत २००९ मध्ये आलं. पण शिस्तीचा 'स्ट्रिक्ट मोड' चालू नसेल तर ते गुपचूप नकार देतं. म्हणजे तुम्ही लिहिता, ते बदलत नाही, आणि तुम्हाला कुणी सांगतही नाही. मला हा प्रकारही पसंत नाही. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं.

आता भाच्याचं बरोबर आहे तेही सांगते, नाहीतर म्हणेल मावशी एकतर्फी लिहिते.

तो म्हणतो, चाचणी घेताना अशा किमती तात्पुरत्या बदलून बघाव्या लागतात, आणि कुलपं घातली की चाचणी घेणाऱ्याचे हाल होतात. मान्य. तो म्हणतो, सगळ्यालाच कुलूप घातलं तर प्रोग्रॅम कुणाला हात लावण्यासारखा राहत नाही, आणि मेटाक्लास बघितला की नवशिक्या पळून जातो. हेही मान्य. आमच्याही फळ्यावर चौकट एका कोपऱ्यातच होती. सगळ्या फळ्यावर 'पुसू नये' लिहिलं असतं तर शिकवलं कुठे असतं?

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. एक, ही किंमत बदलली तर जे काही बोलत नाहीत, अशा दुसऱ्या कुणाचं नुकसान होईल का? दोन, ही किंमत बदलणं हा कुणातरी एकाचा नव्हे तर सगळ्यांनी मिळून घ्यायचा निर्णय आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर कुलूप घाला. बाकीचं खुशाल उघडं ठेवा. आणि कुलूप घातलंत तर किल्लीची जागाही ठरवा. आमच्या प्रोग्रॅममध्ये आता किमान टक्के एकाच ठिकाणी, ठरावाच्या तारखेसह लिहिले जातात आणि प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच वाचले जातात. चाचणी घ्यायची तर दुसरी चाचणीची फाइल द्यावी. आणि सवलत? ती अर्जदाराच्या वहीतही गुपचूप लिहायची नाही. कारण वहीतला आकडा फळ्यावरच्या आकड्याला झाकून टाकतो आणि नंतर कुणाला कळत नाही, की हा नियम होता की अपवाद. सवलतीसाठी वेगळा रकाना केला आहे, कारणासकट. अपवाद जरूर करावा, पण तो अपवाद म्हणून दिसला पाहिजे.

भाचा अजून एक म्हणाला होता, "मावशी, हा सगळा ४१ अर्जांचा प्रोग्रॅम. ह्याला एवढं काय?" बाळा, तुझ्या कंपनीत लाखोंचे व्यवहार होत असतील, आणि तिथे चूक पकडायला चार थर असतील. आमच्याकडे एकच थर होता, त्या मुलाची आई. ती पायरी चढून आली नसती, तर आम्हाला आजही कळलं नसतं, आणि तो मुलगा आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून गप्प बसला असता. लहान प्रोग्रॅमला कुलूप जास्त लागतं, कारण त्याच्यामागे दुसरं कुणी उभं नसतं.

मागच्या रविवारी त्या माझ्या विद्यार्थिनीला मी घरी बोलावलं. तीनदा नाही म्हणाली, चौथ्यांदा आली. चहा झाल्यावर तिला संगणकापुढे बसवलं आणि म्हटलं, "ती ओळ पुन्हा लिही." ती बिचकली. "बाई, नको." म्हटलं, "लिही गं, मी सांगते आहे ना." तिने लिहिलं, विद्यार्थी.किमान_टक्के = ५५, आणि चालवून बघितलं. प्रोग्रॅम थांबला. पडद्यावर मी लिहून ठेवलेलं वाक्य आलं: 'हा नियम सर्वांचा आहे. सवलत द्यायची असल्यास सवलतीच्या रकान्यात लिहा.'

तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "हे मागच्या वर्षी का नव्हतं बाई?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "माझी चूक," एवढंच म्हटलं. यंदाच्या छाननीला येणार का, ते तिने अजून सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही. तिचं तिने ठरवावं.

भाच्या, आता तुझी पाळी. पण फोनवर नको, इथेच लिही. सगळ्यांना वाचू दे.

असो. चुभूद्याघ्या.